दलियातली गोळी

बडा गणपती, इंदूर
२ नोव्हेंबर २००३

कस्तुरीवन्सं, नमस्कार.

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट फाडलंत की तसंच बाजूला ठेवलंत, मला कळायला मार्ग नाही. यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर द्यावंसं वाटलं तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. फोन तर अजिबात नको, तो यांच्या पलंगापाशीच असतो.

भाऊबीजेला हे सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी विचारलं, कोणी येणार आहे का? म्हणाले, "मी कुणाची वाट नाही बघत." आणि दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. मिल कायमची बंद होताना गोपीनाथरावांनी व्हीआरएसच्या कागदावर पहिली सही केली, त्यावरून हे अंगणात जे बोलले ते तुम्ही विसरला नसाल, मीही नाही. "ज्याने पाठ दाखवली तो माझा कोणी नाही, आणि त्याची बायकोही नाही." सख्ख्या मोठ्या बहिणीला असं बोलणारा माणूस भाऊबीजेला इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. तुम्हाला राग असेल, पण हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आता कामाचं. तुम्ही इतकी वर्षं एम.वाय. हॉस्पिटलमध्ये सिस्टर होतात म्हणून विचारते.

उन्हाळ्यात मिलच्या फाटकासमोर धरण्यावर बसलेले असताना यांच्या छातीत दुखलं. हार्टचे डॉक्टर नीमा म्हणून आहेत, त्यांनी तपासण्या करून कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू केली. ती हे अगदी नेमाने घेतात. आल्यागेल्याला पट्टी दाखवतात. पण दुखणं फक्त छातीचं नाही. रात्री झोप नाही. पहाटे उठून बसतात, हात थरथरतात. कुणी दार वाजवलं की घामाने भिजतात. ज्या माणसाने लूमच्या कडकडाटात आयुष्य काढलं, जॉबर म्हणून पन्नास माणसांना ओरडून कामाला लावलं, तो आता कुकरची शिटी वाजली तर कानावर हात ठेवतो. एकदा संध्याकाळी फिरायला गेले ते जरा लांबच गेले, मिलमधले रामभाऊ बरोबर घेऊन आले.

मनाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं तर भांडं भिरकावलं. "मी काय पागल आहे? दिल की बीमारी है, बस."

म्हणून मी एकटी जाऊन आले. सरोजिनी वैशंपायन म्हणून मॅडम आहेत. त्यांनी एक गोळी लिहून दिली, पेशंटला घेऊन या असंही दहादा सांगितलं. ती गोळी माझ्या पर्समध्ये आहे. अजून दिलेली नाही. कोलेस्ट्रॉलच्या गोळीबरोबर मनाची गोळी दिलेली चालते का, एवढंच मला सांगा. आणि यांना कळू न देता दिली तर?

उत्तराची वाट बघते.

तुमची,
वसुधा


२३ नोव्हेंबर २००३

वन्सं,

तुमचं पत्र शाळेत शिपायाने हातात दिलं तेव्हा वर्गात पाढे चालू होते. पोरांना तसंच म्हणत ठेवून मी व्हरांड्यात जाऊन वाचलं. "माझ्या भावाला मूर्ख समजतेस का?" या वाक्यापाशी दोनदा थांबले. मग वाटलं, माझा भाऊ लिहिलंत. एवढं तरी लिहिलंत.

तुम्ही म्हणता, चोरून देऊ नकोस, हे पाप आहे. तुम्ही आज इचलकरंजीला आहात. इथे यांच्यासोबत मी आहे.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी नीट लिहिल्या नाहीत. एक, गोळी दिलेली नाही असं लिहिलं, पण तेव्हा देऊन आठवडा झाला होता. लाटण्याने कागदावर बारीक करते आणि सकाळच्या दलियात घालते. कडू लागते म्हणून गूळ जास्त आणि वेलची. डॉक्टरांनी तेलतूप तोडलं तेव्हापासून हे सकाळी दलियाच खातात, म्हणून ते सोपं पडलं.

दुसरी गोष्ट. हे त्या संध्याकाळी फिरायला गेले नव्हते. रामभाऊंना हे रेल्वेलाइनच्या कडेला उभे दिसले. रामभाऊ सायकल टाकून धावले. यांनी रामभाऊंना विचारलं, "गाडी लेट आहे का आज?" एवढंच. रामभाऊंनी खांद्यावर हात टाकून, मिलच्या गप्पा मारत मारत घरी आणलं, आणि मला मागच्या दारी बोलावून सांगितलं. ते सांगताना रामभाऊ रडत होते, मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून वैशंपायन मॅडमकडे गेले.

आता तुम्ही सांगा, पाप कशात जास्त.

तुम्ही दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची नावं सांग असं लाल शाईने लिहिलंत. सांगितली आहेत. मॅडम म्हणाल्या काही हरकत नाही. तुम्ही काळजी करू नका.

इथे इलेक्शनच्या गाड्या दिवसभर भोंगे वाजवत फिरताहेत. सगळे म्हणतात आम्ही आलो की मिलची जमीन मजुरांना. हे आधी भोंग्याला दचकायचे, काल खिडकीशी जाऊन ऐकत उभे होते. फरक पडतो आहे की काय, मला बोलायची भीती वाटते.

वसुधा


२० डिसेंबर २००३

वन्सं,

फरक पडला.

परवा हे झोपले ते सकाळी नळ यायच्या वेळेपर्यंत उठले नाहीत. मी नाकाशी बोट धरून बघितलं, इतकी मी घाबरले होते. उठले आणि म्हणाले, "बरेच दिवसांनी अशी झोप लागली." रविवारी स्वतःहून म्हणाले, चल सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन येऊ. आम्ही राजवाड्यापासून पायी गेलो. थंडीचे गराडू, ते तळलेले कंद, निघाले आहेत. तळलेले खायचे नाहीत हे त्यांना माहीत आहे, त्यांनी मला एक प्लेट घेऊन दिली आणि माझ्या प्लेटमधला एकच तुकडा उचलून मसाला चाटत खाल्ला. गराडूवाला ओळखीचा निघाला, मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होता. "क्या भिया, कहाँ गायब थे?" तर हे हसून म्हणाले, "तबियत थोडी नासाज थी. अब मैंने खुद को सँभाल लिया."

मैंने खुद को सँभाल लिया. मी प्लेटकडे बघत राहिले.

घरी येताना म्हणाले, "वसू, तू सांगत होतीस ना मनाच्या डॉक्टरकडे जा म्हणून. बघ. माणसाने ठरवलं ना, तर गोळी नाही लागत." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दलिया खाताना म्हणाले, आजकाल दलिया मस्त बनवतेस.

पिथमपूरला एका कारखान्यात लूम लावताहेत, तिथे जुना जॉबर हवा आहे असं रामभाऊ सांगत होते. हे नाही म्हणाले नाहीत. विचार करतो म्हणाले. बंद मिलच्या फाटकावर बसणारा माणूस दुसरीकडे जायचा विचार करतो आहे, गोपीनाथरावांना सांगा.

मॅडमकडे परत गेले होते. पेशंट का आणला नाही म्हणून रागावल्या. मी सांगितलं, गावाला गेलेत, पुढच्या खेपेला नक्की. बरं वाटतंय पण पहाटेची घबराट अजून आहे म्हटल्यावर त्यांनी गोळी जरा वाढवून दिली.

बाकी सगळं छान. थंडीने यांचे पाय दुखतात एवढंच.

वसुधा


८ जानेवारी २००४

वन्सं,

पत्राला उशीर झाला. यांची तबियत मधेच जरा बिघडली आहे. मन नाही, अंग. मांड्या दुखतात, खांदे दुखतात. जिना चढताना कठड्याला धरून वर येतात. काल पलंगावरून उठताना दोन्ही हातांनी गुडघ्यावर जोर दिला, तरी उठवेना.

मी आधी थंडी म्हटलं, मग वाटलं जुनं दुखणं उलटतंय. मागेही असंच अंग जड झालं होतं त्यांचं, हात उचलत नाही म्हणायचे. मॅडमनीच तेव्हा समजावलं होतं की मन खाली गेलं की अंगही साथ देत नाही. रामभाऊंची बायको रमा बघून गेली. म्हणाली, आमच्याकडेही तसंच आहे, मिल गेल्यापासून हे पण घरी आले की खाटेवरच, अंग दुखतं म्हणतात. सगळ्या मिलवाल्यांचं एकच दुखणं आहे, वहिनी, मनाचं.

हे मात्र चिडतात. "मनाचं नाहीये हे. मन ठीक आहे माझं. पाय दुखतात, पाय." मी तेल चोळून देते. चोळलं की ओरडतात.

तुम्ही विचारलंत, गोळ्यांची नावं तू मला का नाही कळवलीस. वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत, डोस पण लिहिला आहे. आता तरी राग सोडा.

गोळी चालूच ठेवली आहे. मधे बंद केली आणि ते परत त्या लाइनीकडे गेले तर? तुम्ही असतात तर तुम्हीसुद्धा बंद केली नसती.

वसुधा


१४ जानेवारी २००४

वन्सं,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. शाळेची वही फाडून घेतली आहे. पोस्टात टाकीन की नाही माहीत नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला त्या दारातून आत जाता येणार नाही.

काल सकाळी यांनी मला बाथरूममधून हाक मारली. लघवीचा रंग काळपट लाल होता, बिनदुधाच्या चहासारखा. पाय तर उचलतच नव्हते. रिक्षेवाल्याने आणि रामभाऊंनी उचलून आणलं. इथे रक्त तपासलं. डॉ. नीमा म्हणाले, स्नायू आतून विरघळताहेत, त्याचा कचरा किडनीत अडकतो आहे. सलाईनवर सलाईन चालू आहे. कोलेस्ट्रॉलच्या गोळीने क्वचित असं होतं म्हणाले, ती लगेच बंद केली. पण त्यांचं समाधान होईना. फाइल परत परत उलटत होते.

मग त्यांनी यांना विचारलं, "आप और कुछ लेते हैं? कोई चूर्ण, देसी दवाई, नींद की गोली?"

हे म्हणाले, "नहीं साहब. बस आपकी गोली. और ये जो खिलाती है, वो."

असं म्हणून माझ्याकडे बघून हसले. ओठ सुकले होते, तरी हसले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "पक्का?"

मी म्हटलं, "जी."

वन्सं, मी जी म्हटलं.

काल सकाळी ते तसे असताना मी दलिया दिला होता. आज इथे डब्यातून आणलेला दलिया दिला नाही, तो माझ्या पिशवीत आहे. त्यात गोळी आहे. हात पुढे झाला आणि मागे आला. म्हणजे मला आतून माहीत आहे. तुम्हालाही माहीत असणार. आणि आता खरं लिहिते, मी दोन्ही डॉक्टरांना काहीही सांगितलं नव्हतं. मॅडमनी विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी फक्त बीपीची गोळी म्हटलं. हार्टचं सांगितलं असतं तर त्यांनी यांना बघितल्याशिवाय गोळी दिलीच नसती.

आता आत जाऊन सांगितलं तर हे ऐकणार. त्यांचा पलंग दाराशीच आहे. त्यांना कळेल की मी त्यांना पागलांची गोळी चारत होते. मग ते माझ्या हातचं पाणी तरी पितील का? घरी गेल्यावर लाइनीकडे जातील का?

आणि नाही सांगितलं तर घरी जातील की नाही, हेच माहीत नाही.

डॉक्टर व्हरांड्याच्या टोकाला आले आहेत. मी उठते.

*

दुपार. सांगितलं.

व्हरांड्यातच गाठलं. पर्समधली पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "कब से?" मी सांगितलं. "बढ़ाई थी?" हो म्हटलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, ही गोळी त्या गोळीला शरीरातून बाहेर पडू देत नाही, त्यामुळे ती साचत जाते. जणू रोज जास्तीची गोळी घेत होते. सगळ्यांचं असं होत नाही, यांचं झालं. लगेच वैशंपायन मॅडमना फोन लावला. दोघं बराच वेळ बोलले.

मी हात जोडले, इन्हें मत बताइए.

"मैं नहीं बताऊँगा," ते म्हणाले. "आप बताएँगी. अभी नहीं. पहले इनको घर जाने लायक होने दीजिए."

पिशवीतला डबा मी बेसिनमध्ये रिकामा केला. वन्सं, तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर त्यांना वाटेल आपण मरतो आहोत.

वसुधा


६ फेब्रुवारी २००४

वन्सं,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. शिव्या दिल्यात त्या मला लागू आहेत. पाठोपाठ दुसऱ्या पत्रात "जेवतेस ना?" विचारलंत. जेवते.

किडनी वाचली. आठवड्यात लघवीचा रंग साफ झाला, रक्ताचे आकडे खाली आले. दोन्ही गोळ्या बंद करून हे घरी आले. काठी धरून अंगणापर्यंत जातात.

पण दोन्ही गोळ्या बंद म्हणजे मनाचीही बंद. एकदम बंद झाल्यामुळे असेल, चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे उठून बसायला लागले. हात परत थरथरायला लागले. मला म्हणाले, "वसू, परत आलं गं ते. मी तर सँभाललं होतं ना?" मी दाराला आतून कुलूप घालून किल्ली उशीखाली ठेवत होते.

तीन सकाळी मी दलियाऐवजी पोहे केले. दलियाच्या डब्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी यांनी विचारलं, "दलिया संपला का गं?"

मी म्हटलं, नाही. आणि मग सगळं सांगितलं. वैशंपायन मॅडमकडे गेल्यापासून ते दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत. त्यांच्यासमोर खाली बसून सांगितलं. तुम्हाला पत्रं लिहिते तेही सांगितलं.

ताटलीत पोहे अर्धे होते. उठले, काठी न घेता मोरीपर्यंत गेले, पोहे कागदात काढले, ताटली घासली आणि पालथी ठेवली. मग म्हणाले, "आजपासून माझं मी बघीन."

तेव्हापासून ते माझ्या हातचं खात नाहीत. सकाळी स्वतः खिचडी टाकतात, तीच दोन वेळा खातात. माठातलं पाणी पीत नाहीत, नळाखाली लोटा धरून पितात. रामभाऊंकडून डबा आला तर खातात. कोपऱ्यावरच्या ठेल्यावरची कचोरीसुद्धा आणून खाल्ली एकदा, माझ्यासमोर. अनोळखी माणसाच्या हातचं चालतं. मी शाळेतून येते तेव्हा त्यांचं भांडं धुऊन पालथं ठेवलेलं असतं. वन्सं, ते भांडं बघवत नाही.

मला वाटत होतं त्यांना पागल शब्दाचा राग आहे. तसं नाही. काल संध्याकाळी दिवा लावताना पाठीमागून म्हणाले, "सराफ्यात गेलो होतो आपण."

मी म्हटलं, हो.

"मी गराडूवाल्याला काय म्हणालो, ऐकलंस ना तू?"

मी मान हलवली.

"मला वाटलं होतं मी उठलो. माझा मी. मिल गेली, काम गेलं, ताई गेली, सगळं गेलं. आणि तरी मी स्वतः उठून उभा राहिलो, एवढी एक गोष्ट माझी होती. ती पण तुझ्या गोळीची निघाली."

मी म्हटलं, तुम्ही लाइनीवर उभे होतात.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. "नाही म्हटलं असतं. परत विचारायचं होतंस."

आज सकाळी मी उशीखालची किल्ली काढून खुंटीला लावली. आता त्यांना कोंडून ठेवायचा हक्क मला नाही. पण शाळेत दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. घरी येईपर्यंत मी काय काय बघितलं डोळ्यांसमोर, ते लिहीत नाही. दार उघडं होतं. हे आत नव्हते.

मी रामभाऊंकडे पळाले. तिथेही नव्हते. रामभाऊ सायकल काढून लाइनीकडे गेले, मी मिलच्या फाटकाकडे. तिथेही कोणी नव्हतं, नुसतं कुलूप आणि शेडच्या तुटक्या काचा. रडत रडत घरी आले तर हे पायरीवर बसलेले. हातात एक लिफाफा.

"वैशंपायन मॅडमकडे गेलो होतो," म्हणाले. "पत्ता डॉ. नीमांकडून घेतला. रिक्षा करून गेलो."

एवढंच बोलून आत गेले आणि खिचडी टाकली.

वसुधा


२८ मार्च २००४

वन्सं,

पाडवा झाला, गुढी यांनीच उभारली. तुम्ही विचारलेल्या गोष्टींची उत्तरं आधी लिहिते, मग माझं.

यांना आता परत दोन गोळ्या चालू आहेत. कोलेस्ट्रॉलची वेगळी आणि मनाची वेगळी, दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवल्या. नव्या दोघी एकमेकींच्या आड येत नाहीत म्हणाले. आधी एक सुरू केली, रक्त तपासलं, मग दुसरी, परत तपासलं. मॅडमकडे हे एकटे जातात. मला बाहेर बसवतात. एकदाच आत बोलावलं, तेव्हा मॅडमना यांनी विचारलं होतं की हार्टच्या गोळीने मन बिघडतं असं पेपरात वाचलं, खरं का? मॅडम म्हणाल्या, पूर्वी तशी भीती होती. आता बाहेरच्या देशात काही डॉक्टरांना उलटं दिसतंय, की ती घेणाऱ्यांचं मनही जरा बरं राहतं, मनाच्या गोळीला ती कदाचित हातभार लावते. पण अजून कच्चं आहे, मी त्या भरवशावर कुणाला देत नाही. तुम्हाला एक हृदयासाठी आहे आणि एक मनासाठी. हे म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही पक्कं माहीत नाही." मॅडम म्हणाल्या, "नाही." हे यांना फार आवडलं. घरी येऊन दोनदा सांगितलं, बाई खरं बोलते.

झोप आली आहे. थरथर कमी आहे, गेली नाही. पिथमपूरला दोन दिवस जाऊन आले, काम बघून आले. मागच्या महिन्यात व्हीआरएसच्या कागदावर सही केली. "गोपीनाथला कळव," म्हणाले. "शेवटची सही माझी." मी विचारलं, वन्संना बोलावू का? तर म्हणाले, "तिचं घर आहे, बोलवायचं काय." तेव्हा उन्हाळ्यात या. दोघंही या.

माझ्या हातचं अजून खात नाहीत. भांडत नाहीत, बोलतात, बाजारात बरोबर येतात. पण चुलीपाशी त्यांचं पातेलं वेगळं आहे. मी विचारणं सोडलं आहे. मला तेवढी सजा बरोबर वाटते.

आता काल जे झालं ते.

दुपारी रमा आली. हे आतल्या खोलीत पडले होते, मला वाटलं झोपलेत. दलियाचं सगळं तिच्या कानावर आलेलं होतं. ओट्याशी येऊन हळूच बोलायला लागली. रामभाऊ महिन्याभरापासून अंथरुणातून उठत नाहीत. अंघोळ नाही, दाढी नाही. परवा म्हणाले, त्या दिवशी श्रीहरीला लाइनीवरून परत आणलं, मला आणणारा कोण आहे? रमाने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. म्हणाली, "वहिनी, तुम्ही तर केलंय हे. मला पण सांगा ना. कशात घालायची? त्यांना चव नाही ना लागत?"

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. नको म्हटलं असतं तर कोणत्या तोंडाने? यांना बरं वाटलं होतं हे तर खरंच होतं. आणि किती महागात पडलं तेही खरंच.

आतली खाट करकरली. हे दारात येऊन उभे राहिले. रमा पांढरी पडली.

हे रमाला म्हणाले, "रामभाऊ घरी आहे ना? चल."

चप्पल घातली आणि निघाले. मी कणकेच्या हातांनीच मागे गेले.

रामभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. हे खाटेच्या कडेला बसले. मग खिशातून स्वतःच्या दोन्ही पट्ट्या काढून रामभाऊंच्या उशाशी ठेवल्या.

"ही दिलाची," म्हणाले. "ही दिमागाची. दोन्ही खातो मी."

रामभाऊ वळले. "तू?"

"मी. उद्या सकाळी तुला घेऊन जातो. मॅडम आहेत एक. जे विचारतील ते तूच सांगायचं, रमा नाही. दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेत असशील तर त्या पण सांगायच्या. नाही यायचं असेल तर नाही म्हण. मी परवा परत येईन विचारायला. तेरवा पण येईन."

रामभाऊ म्हणाले, "लोग क्या बोलेंगे भिया, पागल?"

"बोलू दे. मी सांगतो तुला काय वाईट असतं ते." मी दारात उभी आहे हे त्यांना माहीत होतं, त्यांनी वळून बघितलं नाही. "मला दोन महिने बरं वाटलं होतं, रामभाऊ. खरंच बरं वाटलं होतं. आणि कशाने वाटतंय ते मला माहीतच नव्हतं. तू माहीत असून घे."

आज सकाळी दोघं सायकलरिक्षाने गेले.

तुमची,
वसुधा